पंखा बदलायला नोड बंद केला आणि क्लस्टर डेटा हलवत बसला: वारंवार येणारी अडचण आणि तिच्यावरचा उतारा

शनिवारी संध्याकाळी सहाला बॅकअप क्लस्टरमधला (एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या गटातला) एक सर्व्हर, म्हणजे एक नोड, बंद केला. काम पंख्याचं. मागचा एक पंखा महिनाभर घरघरत होता. तो काढायचा, नवा बसवायचा, अर्ध्या तासात सर्व्हर पुन्हा चालू. पण खोक्यातून निघालेल्या नव्या पंख्याचा कनेक्टरच वेगळा. शनिवारची संध्याकाळ, माल देणाऱ्याचं गोदाम बंद, उद्या रविवार. "सोमवारी दुपारपर्यंत आणून देतो की साहेब," असं तो फोनवर म्हणाला. मीही "बॅकअपचाच तर सर्व्हर आहे, राहिला दोन दिवस बंद तर राहिला," असं म्हणून घरी गेलो.

सोमवारी सकाळी तासगाव, विटा आणि जत या तिन्ही शाखांचे दोन रात्रींचे बॅकअप अर्धवट. एका डिस्कसमोर ९० टक्के भरल्याचा इशारा, बाकीच्या निम्म्या ८५ च्या वर. स्क्रीनवर 'बॅकफिल टूफुल' हे शब्द मी पहिल्यांदा पाहिले. आणि हे सगळं कशामुळे, तर एका पंख्यामुळे.

मी सांगलीत एका पतसंस्थेची कॉम्प्युटरची बाजू सांभाळतो. असा गोंधळ आमच्याकडे हा तिसरा. पहिल्यांदा रॅम वाढवताना झाला, दुसऱ्यांदा धूळ साफ करताना. दोन्ही वेळा आम्ही नेटवर्कच्या स्विचवर खापर फोडलं आणि एकदा तर तो बदललाही. स्विच बिचारा निर्दोष होता. तिसऱ्या वेळी मात्र मुळापर्यंत गेलो, आणि जे सापडलं ते इथे लिहितोय. सेफ (Ceph) हे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच मोठा साठा करणारं सॉफ्टवेअर. त्याचा चार-पाच सर्व्हरचा क्लस्टर बॅकअपसाठी वापरणाऱ्या कुणालाही हे कधी ना कधी भेटणारच. कमांडची नावं मी बोलताना घेतो तशीच देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत जातील.

आधी आमची मांडणी, म्हणजे पुढचे आकडे कळतील. प्रॉक्समॉक्सवर, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या प्रणालीवर, चालणारे चार नोड, प्रत्येकात ४ टेराबाइटच्या सहा फिरत्या डिस्क. एकूण कच्ची जागा ९६ टेराबाइट. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, त्या तीन वेगवेगळ्या नोडवर, म्हणजे वापरायला मिळते ३२ टेराबाइट. त्या दिवशी क्लस्टर ६६ टक्के भरलेला होता. नोडना जोडणारी लाइन १ गिगाबिटची. १० गिगाबिटचा स्विच दोन वर्षं बजेटमध्ये लिहितोय, दोन वर्षं तो पुढच्या बजेटमध्ये जातोय.

आता नेमकं काय घडतं ते. सेफमध्ये प्रत्येक डिस्कमागे एक राखणदार प्रोसेस असते, तिला ओएसडी म्हणतात. हे राखणदार दर सहा सेकंदांनी एकमेकांना हाक मारून बघतात. वीस सेकंद हाकेला ओ आली नाही की मॉनिटर, म्हणजे क्लस्टरची हजेरी ठेवणारा प्रोग्राम, त्या ओएसडीला 'डाउन' म्हणतो. डाउन म्हणजे फक्त 'सध्या उत्तर देत नाही'. त्याच्या वाटणीचा डेटा अजून त्याच्याच नावावर असतो. पण आणखी ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटं, तो परतला नाही तर मॉनिटर त्याला 'आउट' करतो. आउट म्हणजे सातबाऱ्यावरून नाव कमी. आता त्याच्या वाटणीचा सगळा डेटा उरलेल्या नोडवर नव्याने लिहायला घ्यायचा. डिस्क खरोखर मेली असेल तर हे उत्तमच आहे. मध्यरात्री डिस्क गेली तरी सकाळपर्यंत तिसरी प्रत तयार असते, याचसाठी तर सेफ घेतला.

गोम अशी की मेलेला सर्व्हर आणि मी हाताने बंद केलेला सर्व्हर यांतला फरक क्लस्टरला कळत नाही. तो आपण सांगावा लागतो. आपल्याकडे घरातून निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. न सांगता निघून गेलेल्या माणसाची घरचे वाट तरी किती वेळ बघणार? क्लस्टर दहा मिनिटं बघतो. त्या शनिवारी मी 'येतो' म्हणालोच नव्हतो. सहा वाजून दहा मिनिटांनी त्याने बंद नोडची वाटणी सुरू केली.

हिशेब सोपा आहे. एका नोडवर सुमारे १६ टेराबाइट डेटा. तो उरलेल्या तिघांत वाटायचा म्हणजे प्रत्येकाने ५.३ टेराबाइट नव्याने लिहून घ्यायचा. १ गिगाबिटच्या लाइनवर बाकी काहीही चाललं नाही असं धरलं तरी तेरा-चौदा तास लागतात. प्रत्यक्षात त्याच लाइनवरून रात्री शाखांचे बॅकअप येतात आणि त्याच डिस्कवर लिहिले जातात. दोघांची रस्सीखेच, आणि हरतात शाखा. दुसरा हिशेब जागेचा. चार नोडवरचा ६६ टक्के माल तीन नोडवर कोंबला की तो ८८ टक्के होतो. सेफ ८५ टक्क्यांना 'निअरफुल' म्हणून कुरकुरतो, ९० टक्क्यांना त्या डिस्कवर नवा माल उतरवायला नकार देतो आणि ९५ टक्क्यांना लिहिणंच थांबवतो. सगळ्या डिस्क सारख्या भरत नाहीत, एखादी नेहमी पुढे असते. सरासरी ८८ असताना आमची एक ९० ला टेकली यात नवल काहीच नव्हतं. मी आणखी एक दिवस कळ काढली असती तर ९५ ही पाहायला मिळाले असते.

तुमच्याकडे हाच आजार आहे का हे ओळखायचं कसं? 'सेफ स्टेटस' बघा. नोड बंद झाल्यानंतर डेटाच्या गठ्ठ्यांसमोर, म्हणजे पीजींसमोर, नुसतं 'अंडरसाइज्ड, डिग्रेडेड' असेल तर ते ठीक आहे. एक प्रत कमी आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि नोड बंद असताना ती कमी असणारच. 'बॅकफिलिंग', 'बॅकफिल वेट', 'रीमॅप्ड' हे डेटा नव्या जागी हलवल्याचे शब्द दिसू लागले आणि ते नोड बंद केल्यापासून दहा-अकरा मिनिटांनी सुरू झाले असतील, तर निदान झालं. ही दहा मिनिटांची खूण फार नेमकी आहे. आमच्या जुन्या नोंदींत मागच्या दोन्ही वेळांचं घड्याळ मी पुन्हा तपासलं. दोन्हींत दहा मिनिटंच.

तीनच नोड असलेल्यांना हा त्रास होत नाही, आणि त्यामुळे त्यांचा भलताच समज होतो. तीन नोड, तीन प्रती, प्रत्येक प्रत वेगळ्या नोडवर हवी. एक नोड गेला तर तिसरी प्रत ठेवायला जागाच नाही, म्हणून क्लस्टर गप्प बसतो. आम्हीही आधी तीन नोडवर होतो आणि कितीदा तरी बिनधास्त नोड बंद केले होते. चौथा नोड आल्यापासून हा त्रास सुरू झाला, म्हणून सुरुवातीला आम्ही त्या चौथ्या नोडलाच पनवती ठरवलं होतं.

उतारा म्हणजे 'नोआउट' नावाचा झेंडा. 'सेफ ओएसडी सेट नोआउट' म्हटलं की डाउन झालेले ओएसडी आउट होत नाहीत. पण हा झेंडा सगळ्या क्लस्टरवर फडकतो, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या नोडमधली एखादी डिस्क खरोखर मेली तर तिच्यासाठीही क्लस्टर हातावर हात ठेवून बसतो. त्यापेक्षा 'सेट-ग्रुप नोआउट' आणि पुढे त्या एका नोडचं नाव, ही पद्धत चांगली. सेफच्या नॉटिलस आवृत्तीपासून ती आहे. ज्याने 'येतो' म्हटलं त्याचीच वाट बघायची, बाकीच्यांना नेहमीचा नियम. आम्ही आता सगळ्या क्लस्टरवरचा झेंडा वापरतच नाही.

त्याहून कायमचा एक उपायही आहे. मॉनिटरच्या सेटिंगमध्ये 'डाउन आउट सबट्री लिमिट' असा एक पर्याय असतो, मुळात त्याची किंमत 'रॅक' (सर्व्हरचं कपाट) असते. म्हणजे अख्खा रॅक बंद पडला तर क्लस्टर आपणहून काही हलवत नाही, पण अख्खा नोड गेला तर हलवतो. ती किंमत 'होस्ट' केली की सबंध नोड बंद पडल्यावरही क्लस्टर माणसाची वाट बघतो, आणि सुटी डिस्क गेली तर मात्र नेहमीप्रमाणे कामाला लागतो. लहान क्लस्टरला हे मला पटतं, कारण आमच्यासारख्या ठिकाणी अख्खा नोड जातो तो बहुतेक वेळा वीज, केबल नाहीतर माणूस यांच्यामुळे, आणि तो परत येणार असतो. अट एकच: रात्री नोड गेला तर कुणाच्या तरी मोबाइलवर निरोप जायलाच हवा. निरोपाची सोय नसेल तर या सेटिंगला हात लावू नका.

आता एक सावधगिरी, कारण इंटरनेटवरून उचललेल्या कमांडच्या यादीत मी हे पाहिलं आहे आणि आमच्या नव्या पोराने ती यादी जशीच्या तशी चिकटवली होती. नोआउटच्या जोडीला 'नोरिकव्हर', 'नोबॅकफिल', 'नोरिबॅलन्स' आणि वर 'नोडाउन' असे चार झेंडे. पहिल्या तिघांची साध्या दुरुस्तीला गरज नसते. आउटच होणार नाही तर हलवायचं काय? उलट नोड परत आल्यावर जी हवीशी रिकव्हरी व्हायला हवी तीच ते अडवून धरतात. 'नोडाउन' तर सरळ घातक. तो लावून नोड बंद केला तर क्लस्टर समजतो की नोड जागेवरच आहे, आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर बंद सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत ताटकळतं. दारावर 'मालक घरात आहेत' अशी पाटी लावून कुलूप घालण्यातला प्रकार. 'पॉज' नावाचाही एक झेंडा आहे, तो वाचणं आणि लिहिणं दोन्ही थांबवतो. एका नोडच्या दुरुस्तीत त्याचं काहीच काम नाही.

बंद करण्याच्या दिवशी आम्ही काय करतो ते आता ओघानेच सांगतो. सगळ्यात आधी, सुटा भाग हातात घेऊन बघतो. कनेक्टर, व्होल्टेज, लांबी, सगळं. त्या शनिवारचा माझा खरा गुन्हा हाच. आणि भाग चुकीचा निघाल्यावरही जुना पंखा घरघरत का होईना, फिरत होता. तोच परत बसवून नोड चालू करता आला असता. ते सुचलं सोमवारी.

मग क्लस्टरची तब्येत. 'हेल्थ ओके' नसेल तर बेत रद्द. आधीच कुठे एखादी प्रत कमी असेल आणि आपण आणखी एक नोड काढला तर एखाद्या गठ्ठ्याची एकच प्रत उरते. तीन प्रतींच्या पूलला (साठ्याच्या विभागाला) 'मिन साइज' बहुधा दोन असतो, म्हणजे एकच प्रत उरली की सेफ त्या गठ्ठ्याचा व्यवहार बंद ठेवतो. बॅकअप लटकतात ते इथे. घाईच्या वेळी मिन साइज एक करून मार्ग काढण्याचा मोह होतो. बॅकअप क्लस्टरवर तो करू नका. त्या एकुलत्या प्रतीची डिस्क त्याच वेळी गेली तर मग सांगायला काही उरत नाही.

तब्येत बघून झाली की क्लस्टरलाच विचारायचं: 'ओएसडी ओके-टू-स्टॉप' आणि पुढे त्या नोडवरच्या सहाही ओएसडींचे क्रमांक. हे बंद केले तर कुठला गठ्ठा अडेल का, ते तो सांगतो. ही कमांड मला इतकी उशिरा का कळली याचं अजून वाईट वाटतं. आपण कागदावर हिशेब करत बसतो आणि उत्तर समोर असतं.

त्यानंतर मॉनिटरची मतं. आमचे मॉनिटर तीन, चारपैकी तीन नोडवर. बहुमत दोनचं. मॉनिटर असलेला नोड काढला की दोनच उरतात, आणि त्यातला एक जरी हलला तरी सगळा क्लस्टर गप्प होतो. म्हणून त्या वेळात बाकीच्या नोडना हात लावायचा नाही, अपडेट नाही, रीस्टार्ट नाही, 'जरा ही केबल नीट लावतो' तर अजिबात नाही.

केबलवरून आठवलं, आणि हे जरा सविस्तर सांगतो, कारण सेफइतकाच धोका इथेही आहे. प्रॉक्समॉक्सच्या क्लस्टरची स्वतःची वेगळी मतमोजणी असते, कोरोसिंक नावाच्या प्रोग्रामची. चार नोड, चार मतं, बहुमत तीनचं. एक नोड आपण बंद केला, तीन उरले, काठावरचं बहुमत. धूळ साफ करताना आमच्या एकाचा कोपर दुसऱ्या नोडच्या नेटवर्क केबलला लागला आणि ती निम्मी बाहेर आली. चारपैकी दोन मतं. ज्या नोडवर हाय अव्हेलेबिलिटीचे (नोड पडला की आपोआप दुसरीकडे सुरू होणारे) व्हीएम चालू होते त्यांच्या वॉचडॉगने (पहारेकरी टायमरने) ६० सेकंद वाट बघितली आणि ते स्वतःहून रीस्टार्ट झाले. वॉचडॉग चुकला नाही. बहुमत गमावलेला नोड चालू राहिला तर तोच व्हीएम दोन ठिकाणी चालू होण्याचा धोका असतो, म्हणून त्याला तसंच शिकवलेलं आहे. पण एक केबल हलली आणि सगळेच झोपले, हे बघून आमच्या मॅनेजर साहेबांचा चेहरा जो झाला तो मी विसरणार नाही. आता एका जुन्या पीसीवर क्यूडिव्हाइस, म्हणजे फक्त मत देणारा जादा साथीदार, बसवला आहे. त्याचं एक मत धरून पाच होतात, बहुमत तीनचंच राहतं, आणि एक नोड बंद असताना आणखी एक गेला तरी निभावतं. नोडची संख्या सम असेल तर क्यूडिव्हाइस हवाच.

त्या नोडवर व्हीएम असतील तर ते आधी शेजारी हलवायचे, आणि हाय अव्हेलेबिलिटी असेल तर नोडला मेंटेनन्स मोडमध्ये टाकायचं. सेफ-एडीएमने (सेफच्या स्वतःच्या उभारणी-साधनाने) क्लस्टर चालवणाऱ्यांना 'ऑर्क होस्ट मेंटेनन्स एंटर' ही एकच कमांड यातलं बरंचसं करून देते. आमचा क्लस्टर प्रॉक्समॉक्सने उभा केलेला, म्हणून आम्ही हाताने करतो.

बॅकअपच्या बाजूला दोन कामं. त्या वेळात सुरू होणारे बॅकअपचे जॉब पुढे ढकलायचे, आणि चालू असलेला मध्ये तोडायचा नाही, संपू द्यायचा. गार्बेज कलेक्शन, व्हेरिफाय आणि सेफचं डीप स्क्रब ही डिस्क दळणारी कामंही त्या दिवशी नकोत. मग झेंडा लावायचा, ओएसडी सेवा रीतसर थांबवायच्या आणि नोड शटडाउन करायचा. रीतसर थांबलेला ओएसडी मॉनिटरला सांगून जातो, त्यामुळे बाकीचे लगेच त्याच्याशिवाय काम सुरू करतात. सरळ प्लग उपसला तर ते वीस सेकंद सगळे त्याच्या नावाने हाका मारत बसतात आणि लिहिणं तेवढा वेळ अडकतं.

नोड बंद झाल्यावर स्क्रू काढण्याआधी पंधरा मिनिटं थांबा. दहा मिनिटांची ती वेळ उलटू द्या आणि 'बॅकफिल' हा शब्द स्क्रीनवर येत नाही ना ते बघा. झेंडा लावताना नोडचं नाव चुकलं असेल तर ते इथेच कळतं. तोपर्यंत चहा घ्या. आणि योग्य सर्व्हर उघडताय याची खात्री करा. चारही एकसारखे काळे डबे. बहुतेक सर्व्हरच्या रिमोट मॅनेजमेंटमधून ओळखीचा निळा दिवा लुकलुकता ठेवता येतो, पण नोड बंद करण्याआधीच तो लावून घ्या. आमच्याकडे त्याशिवाय पुढे-मागे दोन्हीकडे मोठ्या अक्षरांत आकडे चिकटवले आहेत. मागे चिकटवायला लोक विसरतात, आणि पॉवर केबल मागेच असते.

परत चालू करताना तीन गोष्टी दगा देतात.

एक, घड्याळ. मदरबोर्डवरचा बटणासारखा सीआर २०३२ सेल संपला असेल तर वीज काढल्यावर सर्व्हर कुठल्या तरी जुन्या तारखेला जागा होतो. सेफच्या मॉनिटरांना एकमेकांत ०.०५ सेकंदांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि फरक फार मोठा असेल तर ओएसडींची ओळखही पटत नाही, कारण त्यांच्या चाव्या वेळेनुसार बदलत असतात. डिस्क ठणठणीत, केबल ठणठणीत, तरी ओएसडी वर येत नाही, अशा वेळी आधी तारीख बघा. क्रोनी, म्हणजे घड्याळ जुळवणारा प्रोग्राम, चालू आहे का, त्याला टाइम सर्व्हर दिसतोय का ते बघा. पाच वर्षं झालेल्या सर्व्हरला उघडलंच आहे तर तो सेलही बदलून टाका, किराणा दुकानातसुद्धा मिळतो.

दोन, नेटवर्क कार्डाचं नाव. नवं कार्ड बसवलं किंवा एका खाचेतलं दुसऱ्या खाचेत गेलं की पीसीआयचे क्रमांक सरकतात, आणि लिनक्सने त्या क्रमांकांवरून दिलेलं पोर्टचं नावही बदलतं. काल जे तिसऱ्या क्रमांकाचं पोर्ट होतं ते आज चौथ्या क्रमांकाचं. सेटिंग जुन्या नावाने लिहिलेली, म्हणून नोड चालू होतो पण नेटवर्कवर दिसत नाही. स्क्रीन आणि कीबोर्ड जोडल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून ते दोन्ही सर्व्हर रूममध्ये आधीच ठेवा. पोर्टची नावं मॅक पत्त्याला (कार्डाच्या स्वतःच्या कायमच्या क्रमांकाला) बांधून ठेवली तर हा त्रास कायमचा जातो.

तीन, आणि हा सगळ्यात गुपचूप: लावलेला झेंडा काढायला विसरणं. रॅम वाढवली तेव्हा शेवटी घाबरून कुणीतरी सगळ्या क्लस्टरवर नोआउट लावला होता. तो तसाच राहिला. डॅशबोर्डवर 'हेल्थ वॉर्न' पिवळं दिसत होतं, पण रोज दिसणाऱ्या पिवळ्याकडे कोण बघतं? पाच आठवड्यांनी दुसऱ्या नोडमधली एक डिस्क मेली. ती डाउन झाली, आउट झाली नाही, आणि नऊ दिवस तिच्यावरच्या गठ्ठ्यांच्या दोनच प्रती होत्या. पिवळं आधीपासूनच होतं, त्यात आणखी एक पिवळी ओळ आली, एवढंच. नशीब की त्या नऊ दिवसांत दुसरी डिस्क गेली नाही.

म्हणून परतीचा क्रम: सगळे ओएसडी 'अप' दिसेपर्यंत थांबा. मग रिकव्हरी आपोआप सुरू होते. नोड बंद असताना जे बदललं तेवढंच लिहिलं जातं, त्यामुळे दोन-तीन तासांच्या कामानंतर ती बहुधा लवकर उरकते. सगळे गठ्ठे 'अ‍ॅक्टिव्ह, क्लीन' झाले की 'अनसेट-ग्रुप नोआउट', आणि हेल्थ हिरवी झाल्याशिवाय खोली सोडायची नाही. दुसरा नोड उघडायचा असेल तर तोही यानंतरच. "आता उघडलंच आहे तर दोन्ही एकदम करू की," असं म्हणणारा एक जण दर वेळी निघतो. आमच्याकडे सहसा तो मीच असतो.

झेंडा किती वेळ ठेवायचा हा प्रश्न राहतो. एका प्रतीची कमतरता आपण किती वेळ सोसायला तयार आहोत, हाच खरा प्रश्न. आम्ही चार तासांची मर्यादा धरली आहे. त्यात काम होत नसेल तर जुना भाग परत बसवून नोड वर आणायचा. बसवण्याजोगा नसेल आणि दोन-तीन दिवस लागणार असतील, तर क्लस्टरला डेटा हलवू देणं शहाणपणाचं, पण त्यासाठी आधी जागा हवी. चार नोडचा क्लस्टर ६० टक्क्यांच्या आत असेल तर एक नोड गेल्यावरही ८० टक्क्यांत मावतो. ६६ ला आम्हाला दोन्ही वाटा बंद होत्या. म्हणून या वर्षी जुन्या मासिक प्रती कमी करून क्लस्टर ५८ वर आणला. स्विच मिळत नाही, निदान जागा तरी.

कधी करायचं, याचं आमचं पंचांग सांगलीचं आहे. मार्चअखेर जवळ आली की नाही. पतसंस्थेत त्या दिवसांत बॅकअपचं नाव काढलं तरी लोक अंगावर येतात. साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर मात्र एकदा साफसफाई करतोच, कारण पाचट जाळल्याची आणि कारखान्यांच्या धुराड्यांची काळी काजळी हिवाळाभर खिडकीतून येते आणि पंख्यांच्या पात्यांवर चिकट थर देते. ब्लोअरने उडवताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो जोरात फिरून बेअरिंग खराब होतं. आमचा पंखा घरघरायला लागला तो बहुतेक यामुळेच.

आणि पावसाळ्यात, जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत, काहीही उघडायचं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी. आमची तेव्हाची सर्व्हर रूम तळमजल्यावर होती. तिचं काय झालं ते सांगायला नको. आताची तिसऱ्या मजल्यावर आहे, पण पूर आला तर इमारतीपर्यंत पोचता येईलच असं नाही, आणि वीज किती दिवस जाईल तेही हातात नसतं. कोयनेतून विसर्ग वाढवल्याच्या बातम्या येत असताना क्लस्टरमध्ये तीनच नोड उभे असणं मला नको. तेव्हा सगळी दुरुस्ती १५ जूनच्या आत.

दारामागे आता एक वही टांगली आहे. दोन रकाने, 'येतो' आणि 'आलो'. झेंडा लावला की पहिल्यात नोडचा क्रमांक आणि वेळ, काढला की दुसऱ्यात वेळ आणि सही. पोरगं आधी हसलं. आता तेच मला "सर, 'आलो' लिहिलं नाहीत की," म्हणून परत पाठवतं.

चौथ्या नोडचा पंखा अजून यायचा आहे. या वेळी जुन्याच्या कनेक्टरचा फोटो पाठवला आहे.